मृत्युपत्रे, जनगणना आणि कुळाचा शोध : वसई परिसरातील वंशशोधाच्या साधनांचा चिकित्सक अभ्यास

सारांश : वसई परिसरातील कुटुंबांचा वंशशोध घेताना मृत्युपत्रे आणि जनगणना या दोन साधनांकडून अभ्यासकाची मोठी अपेक्षा असते. प्रस्तुत निबंधात या दोन्ही साधनांचे स्वरूप, त्यांमागील कायदा आणि त्यांच्या मर्यादा तपासल्या आहेत. चर्चमधील नोंदी व महसुली दप्तर यांच्या जोडीनेच ही साधने बोलकी होतात आणि त्यांचे वाचन वारसाकायद्याच्या प्रकाशात केले पाहिजे, हे या निबंधाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : वंशशोध, मृत्युपत्र, जनगणना, फेरफार नोंद, बाप्तिस्मा नोंदवही, वसई.

१. प्रस्तावना

कुळाची स्मृती जपण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. घरोघरच्या वंशावळी, नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि विसाव्या शतकात छापले गेलेले कुलवृत्तांत ही तिची ठळक रूपे होत. उत्तर कोकणापुरते बोलायचे तर बिंब राजाबरोबर या भूमीत आलेल्या कुळांची हकीकत सांगणारी ‘महिकावतीची बखर’ इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये संपादून प्रसिद्ध केली. मात्र बखर ही कुळाचे मूळ सांगते. आजच्या एखाद्या घरापासून त्या मुळापर्यंतचे मधले दुवे ती देत नाही. ते दुवे शोधावयाचे तर कागदपत्रांकडेच वळावे लागते.

हा शोध आज केवळ हौसेचा राहिलेला नाही. २००० च्या जात प्रमाणपत्र अधिनियमानुसार होणाऱ्या पडताळणीत अर्जदाराला आपल्या पूर्वजांच्या जुन्या नोंदी सादर कराव्या लागतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ हे मानीव दिनांक त्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे (निवृत्त) यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केल्यानंतर कोतवाल बुक, पाहणीपत्रक यांसारखे शब्द सामान्य माणसाच्या तोंडी आले. दुसरीकडे, वसईतील शेतजमिनी झपाट्याने बिगरशेती होत गेल्या. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. जमीन विकली जाते तेव्हा वारस कोण, हा प्रश्न प्रथम उभा राहतो आणि त्याचे उत्तर वंशावळीत शोधले जाते. म्हणूनच वंशावळ कोणत्या पुराव्यावर उभी आहे, याची चिकित्सा आवश्यक ठरते.

२. वसईची राजकीय स्थित्यंतरे आणि दप्तरांची विभागणी

२३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादुरशहाने वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी ती जिंकली. १७८० मध्ये ती इंग्रजांनी घेतली, १७८२ च्या सालबाईच्या तहाने मराठ्यांना परत मिळाली आणि पेशवाईच्या अखेरीस कायमची इंग्रजी अमलाखाली गेली. प्रत्येक सत्तांतराबरोबर दप्तराची भाषा, लिपी, कालगणना आणि ठिकाण बदलत गेले.

परिणामी एकाच गावाचा इतिहास अनेक ठिकाणी विखुरलेला आहे. पोर्तुगीज काळासाठी पणजी येथील पुराभिलेखागार व लिस्बन, मराठी अमलासाठी पुणे येथील पेशवे दप्तर, तर इंग्रजी काळासाठी मुंबईचे पुराभिलेखागार व ठाणे जिल्ह्याची जुनी दप्तरे पाहावी लागतात. चर्चच्या प्रशासनाचीही हीच गत आहे. हा प्रदेश दीर्घकाळ गोव्याच्या आर्चडायोसिसशी जोडलेला होता. १८८६ मध्ये दमण धर्मप्रांत स्थापन झाला, १९२८ मध्ये तो विसर्जित होऊन हा भाग मुंबईकडे आला आणि २२ मे १९९८ रोजी वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. एखाद्या चर्चविषयीचा पत्रव्यवहार कोठे शोधावा, हे त्यामुळे त्या पत्राच्या सालावर अवलंबून असते.

कालगणनेचे भानही येथे ठेवावे लागते. मराठी कागदांत शक व सुहूर सन येतो. शकात ७८ किंवा ७९ आणि सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले असता इसवी सन मिळतो. मृग नक्षत्राच्या प्रारंभी सुहूर सन बदलत असल्याने सुहूर ११४० म्हणजे इ. स. १७३९-४० होय. एका वर्षाच्या चुकीने बाप आणि मुलगा यांच्या मृत्यूचा क्रम उलटा लागू शकतो.

३. चर्चच्या नोंदी : जनगणनेपूर्वीची गणना

कॅथलिक चर्चमध्ये १५६३ च्या ट्रेन्ट परिषदेच्या निर्णयांनी विवाह व बाप्तिस्मा यांच्या नोंदवह्या बंधनकारक झाल्या. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने मृत्यूची नोंदवही व ‘आत्म्यांची स्थिती’ दर्शविणारी यादी यांची भर घातली. ही दुसरी यादी म्हणजे धर्मगुरूने घरोघर जाऊन केलेली कुटुंबवार नोंदच होय. सरकारी जनगणनेच्या अडीच शतके आधी खानेसुमारीची ही पद्धत चर्चमध्ये नियमाने घालून दिली गेली होती.

बाप्तिस्म्याच्या नोंदीत बालकाचे नाव, आईवडील व धर्ममातापिता. विवाहाच्या नोंदीत वधूवरांचे वडील व साक्षीदार. मृत्यूच्या नोंदीत बहुधा पती, पत्नी किंवा वडिलांचे नाव मिळते. धर्ममातापित्यांची नावे वंशावळीत बसत नाहीत म्हणून अभ्यासक ती सोडून देतो. पण एकाच नावाच्या दोन व्यक्तींपैकी नेमकी कोणती, हे ठरविण्यास तीच उपयोगी पडतात. कारण धर्ममातापिता बहुधा नात्यातले किंवा शेजारातले असत.

हिंदू कुटुंबांसाठी अशी अखंड नोंदवही नाही. तेथे तीर्थोपाध्यायांच्या वह्या, वतनदार घराण्यांच्या कैफियती आणि १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनपुढे सादर झालेल्या वंशावळी उपयोगी पडतात. परंतु इनाम कमिशनपुढील वंशावळ ही हक्क सिद्ध करण्यासाठी दिलेली असल्याने तिच्यात सोयीचे तेवढे आले असण्याचा संभव लक्षात घेतला पाहिजे.

४. मृत्युपत्रे : संपत्तीबरोबर नात्यांची नोंद

पोर्तुगीज अमलात मृताच्या संपत्तीची व अनाथांच्या वाट्याची व्यवस्था पाहण्यासाठी स्वतंत्र अधिकारी व ‘मिझेरिकोर्दिया’ ही धर्मादाय संस्था कार्यरत असे. उत्तर प्रांतातील गावे अनेकदा एकामागून एक तीन व्यक्तींच्या हयातीपुरती दिली जात. पुढील व्यक्तीचे नामनिर्देशन करावे लागत असल्याने अशा देणग्यांचे कागद हे एक प्रकारे वंशाचेच पुरावे होत. अर्थात ते जमीनदार वर्गाचे आहेत; त्या गावात राबणाऱ्या कुळांचे नाहीत.

इंग्रजी अमलात मृत्युपत्रांचे वाचन कायद्याशी बांधले गेले. १८६५ चा भारतीय वारसा अधिनियम ख्रिस्ती समाजाला लागू झाला. हिंदू व मुस्लिम समाज त्यातून वगळलेले होते. या कायद्यानुसार मृत्युपत्र न करता ख्रिस्ती पुरुष वारल्यास विधवेला एकतृतीयांश आणि उरलेल्या मालमत्तेत मुलगे व मुली यांना समान वाटा मिळे. यातून एक महत्त्वाचा मुद्दा पुढे येतो. जेथे कायदाच मुलीला समान वाटा देत होता, तेथे मृत्युपत्र हे तिची तरतूद करण्याचे साधन जसे होते, तसे तिला वगळण्याचेही होऊ शकत होते. मृत्युपत्रात मुलीचे नाव नाही म्हणून मुलगी नव्हतीच, असे अनुमान काढणे त्यामुळे धोक्याचे आहे.

मिताक्षरा पद्धतीच्या हिंदू एकत्र कुटुंबात स्थिती निराळी होती. वडिलोपार्जित मालमत्ता हयात सहदायकांकडे जात असल्याने तिच्यातील हिस्सा मृत्युपत्राने देता येत नसे; ती मुभा १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ३० ने मिळाली. त्यापूर्वीचे हिंदू मृत्युपत्र मुख्यतः स्वकष्टार्जित संपत्तीविषयी असते. ज्या घरात मृत्युपत्र सापडत नाही, त्या घरात मालमत्ता नव्हती असे म्हणता येत नाही. मुलीला सहदायकाचा दर्जा तर ९ सप्टेंबर २००५ पासून मिळाला.

धर्मांतरानंतरही जुन्या रीतीने वाटण्या करणारी ख्रिस्ती कुटुंबे होती आणि १८६३ मध्ये अब्राहम विरुद्ध अब्राहम या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने अशा निवडीला मान्यता दिली होती. १८६५ च्या कायद्याने मृत्युपत्राविना होणाऱ्या वारशाचा नियम ठरविला. पण नियम आणि गावातील वहिवाट एकच होती असे गृहीत धरता येत नाही. पुढे १९०१ च्या कायद्याने देशी ख्रिस्ती व्यक्तीच्या मृत्युपत्राविना राहिलेल्या संपत्तीसाठी न्यायालयाचे प्रशासनपत्र घेण्याची सक्ती काढून टाकली. त्यामुळे न्यायालयाच्या दप्तरात कागद न सापडणे हेही स्वाभाविक ठरते.

मृत्युपत्र शोधण्याची दुसरी जागा म्हणजे दुय्यम निबंधकाचे कार्यालय. १९०८ च्या नोंदणी अधिनियमानुसार मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक असून ती पुस्तक क्रमांक ३ मध्ये होते. मृत्युपत्र करणाऱ्याच्या निधनानंतरच इतरांना तिची नक्कल मिळू शकते. याउलट स्थावर मालमत्तेचे दस्त पुस्तक क्रमांक १ मध्ये असून ते पाहण्यास खुले आहे. बहिणींनी भावांच्या लाभात करून दिलेली हक्कसोडपत्रे याच पुस्तकात आढळतात. वंशावळीतून गळालेली स्त्री अशा दस्तात माहेर व सासर या दोन्ही नावांनिशी भेटते. ज्या कागदाने तिचा हक्क संपला, त्याच कागदाने तिचे नाव राखले, हा विरोधाभास नोंद घेण्याजोगा आहे.

५. जनगणना : अपेक्षा आणि वास्तव

मुंबई इलाख्यात १८७२ मध्ये आणि संपूर्ण देशात एकाच वेळी १७ फेब्रुवारी १८८१ रोजी जनगणना झाली. वंशशोधावरील इंग्रजी मार्गदर्शक पुस्तके वाचून आलेल्या अभ्यासकाला पणजोबाचे नाव या जनगणनेत मिळेल असे वाटते. इंग्लंडची १९२१ ची जनगणना शंभर वर्षांनंतर, २०२२ मध्ये नावांसह खुली झाली. अमेरिकेची १९५० ची जनगणना बहात्तर वर्षांनंतर त्याच वर्षी खुली झाली. भारतात तसे घडत नाही. येथे गणकाने घरोघर नावे लिहून घेतली, तरी सारणी तयार झाल्यावर घरनोंदी कायम जपण्याची पद्धत राहिली नाही. १९४८ च्या जनगणना अधिनियमाच्या कलम १५ नुसार या नोंदी पाहण्यास खुल्या नाहीत आणि पुरावा म्हणूनही त्या सामान्यतः ग्राह्य नाहीत.

मग जनगणनेचा उपयोग काय? ती व्यक्ती सांगत नाही, पण परिसर सांगते. गावातील घरे, धर्म, व्यवसाय यांचे आकडे आणि १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर एकत्र वाचल्यास, एखाद्या कुटुंबाविषयीची आख्यायिका संभवनीय आहे की नाही हे तपासता येते. जातवार संपूर्ण आकडे प्रसिद्ध करणारी शेवटची जनगणना १९३१ ची होय. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक ठरविलेल्या जनगणनेत जातींची गणना होणार असल्याचे शासनाने जाहीर केले. परंतु तिचेही प्रकाशित रूप आकड्यांचेच असेल, वंशावळीचे नव्हे.

६. महसुली दप्तर : मधला पूल

नावांची जी उणीव जनगणनेत राहते, ती महसुली दप्तर बऱ्याच अंशी भरून काढते. १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी सुरू झाली. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही आणि ६-क म्हणजे वारस नोंदवही यांत खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसांची नावे व नाते लिहिले जाते. गाव नमुना १४ मधील जन्ममृत्यूच्या नोंदी, म्हणजेच कोतवाल बुक, त्यांना पूरक ठरतात. प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टरही याच मालिकेत येते.

शोधाचा क्रम जवळून दूर असा असावा. सातबाऱ्यावरील फेरफार क्रमांकावरून वारसनोंद, वारसनोंदीवरून मृत्यूचा अंदाजे काळ, त्यावरून चर्चची मृत्यू नोंदवही वा कोतवाल बुक, तेथील नात्यावरून विवाहाची व शेवटी बाप्तिस्म्याची नोंद, अशी साखळी बांधता येते. थोर पूर्वज आधी ठरवून त्याच्यापासून खाली उतरण्याचा मोह टाळावा. वारसनोंद ही वर्दीवर झालेली असते, म्हणून ती एकटी निर्णायक मानू नये, हेही ध्यानात ठेवावे.

७. नावांचा प्रश्न

वसईतील वंशशोधाची सर्वांत मोठी अडचण नावांची आहे. लोपीस, परेरा, डिसोझा, रॉड्रिग्ज ही आडनावे धर्मांतराच्या काळात मिळालेली आहेत. सामवेदी, वाडवळ, कोळी अशा निरनिराळ्या समाजांत तीच आडनावे आढळतात. म्हणजे समान आडनाव हा समान कुळाचा पुरावा नव्हे आणि पोर्तुगीज आडनाव हा पोर्तुगीज रक्ताचाही पुरावा नव्हे. शिवाय चर्चच्या लॅटिन वा पोर्तुगीज नोंदीत ‘जोआंव’ किंवा ‘मानुएल’ असलेली व्यक्ती तलाठ्याच्या मोडी नोंदीत ‘जुवाव’ किंवा ‘मनवेल’ होऊन येऊ शकते. अशा वेळी नाव, वडिलांचे नाव, गाव किंवा आळी आणि काळ या चारही गोष्टी जुळल्याखेरीज दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या मानू नयेत. येथे बोलीचे व स्थानिक उच्चारांचे ज्ञान असलेला वृद्ध ग्रामस्थ हा तितकाच महत्त्वाचा आधार ठरतो.

८. निष्कर्ष

उपर्युक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, मृत्युपत्र नावे देते पण ती मालमत्ता असणाऱ्यांची. जनगणना सर्वांना मोजते पण नावे देत नाही. या दोहोंमधील अंतर महसुली व चर्चच्या नोंदींनीच भरून निघते. दुसरा, कोणत्याही मृत्युपत्राचा अर्थ त्या काळी त्या समाजाला लागू असलेल्या वारसाकायद्याशिवाय लागत नाही. तिसरा, कागदात नाव नसणे हा अस्तित्व नसल्याचा पुरावा नाही. विशेषतः स्त्रिया व भूमिहीन यांच्या बाबतीत हे सूत्र कटाक्षाने पाळले पाहिजे.

चौथा निष्कर्ष महाविद्यालयांच्या कर्तव्याशी निगडित आहे. शेतजमिनीच्या जागी इमारती उभ्या राहिल्यावर कुटुंबाला सातबारा व जुने दस्त जपण्याचे कारण उरत नाही आणि मोडी वाचणारी, तसेच जुने उच्चार जाणणारी पिढीही ओसरत आहे. इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांना मोडी लिपीचे शिक्षण देऊन, कुटुंबांच्या संमतीने घरगुती कागदांच्या सूची करण्याचे काम हाती घ्यावे. हयात व्यक्तींची माहिती, दत्तकविधान, अनौरस संतती यांसारख्या नाजूक नोंदी जाहीर न करण्याचे पथ्य त्यात पाळावे. वंशावळ ही आज हक्काचे साधन झालेली असल्याने तिच्यातील प्रत्येक नावामागे कोणता कागद आहे आणि कोणते नाव केवळ ऐकीव आहे, हे स्पष्टपणे वेगळे लिहिणे ही अभ्यासकाची पहिली जबाबदारी होय.