नावांची मोजणी

हातकणंगल्याशेजारच्या आळते गावाच्या नावाचा पेटा कोल्हापूर संस्थानात होता. 1886 च्या इंग्रजी गॅझेटियरात त्याचा ‘आल्टा’ झाला. कारण रोमन लिपीत ळ नाही, आणि त-ट यांना अक्षर एकच. स्कॉटलंडातही असेच घडले. एकोणिसाव्या शतकात मोजणीदारांनी डोंगर-ओढ्यांची गेलिक नावे जाणत्यांना विचारून वह्यांत टिपली. तरी ती भाषा न जाणणाऱ्यांच्या लेखणीत ती पुष्कळदा वाकली.

आपल्याला ही अडचण नाही. रामलिंगाच्या डोंगराचे नाव देवस्थानामुळे टिकेल. ओढ्या-टेकाडांची नावे मात्र म्हाताऱ्यांच्या तोंडीच उरतात. जुन्या ताम्रपटांत गावांच्या सीमा अशाच नावांनी सांगितल्या आहेत. नाव गेले, की ती सीमा कोठे शोधणार? म्हणून ती आपण ऐकावी तशी, देवनागरीत, आजच उतरवून ठेवू या.