नावाचा मूळ धनी

मराठी मुलखात एकाच नावाची दोन गावे शेजारी आली की एक ‘बुद्रुक’ म्हणवते, दुसरे ‘खुर्द’. हाँगकाँग बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरील ॲबरडीन या वस्तीच्या नावाचा इतिहास पाहताना आम्हांला ही जोडी आठवली. कारण तिथे नावाचा मूळ धनीच ‘खुर्द’ ठरला आहे.

इंग्रजीत ही वस्ती ॲबरडीन. कँटनी भाषेत मात्र हेउंग गोंग झाय. ‘हेउंग’ म्हणजे सुगंध, ‘गोंग’ म्हणजे बंदर. अगरूच्या कुळातील झाडांचे सुगंधी लाकूड येथून गलबतांत भरले जाई, म्हणून हे सुगंधी बंदर, अशी व्युत्पत्ती सामान्यतः दिली जाते. १६६० च्या दशकात छिंग राजसत्तेने किनाऱ्यावरील प्रजेला सक्तीने आत हलवले आणि त्या व्यापाराची घडी विस्कटली. सुगंध ओसरला, नाव उरले.

जानेवारी १८४१ मध्ये ब्रिटिशांनी बेट ताब्यात घेतले. १८४२ च्या नानकिंग तहाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. किनाऱ्यावरच्या या लहानशा गावाचे नाव सबंध बेटाला चिकटले. मग खुद्द गावाला नवे इंग्रजी नाव मिळाले, ते तत्कालीन ब्रिटिश परराष्ट्रमंत्री अर्ल ऑफ ॲबरडीन यांचे. त्यांच्या पदवीतले मूळ ॲबरडीन स्कॉटलंडमधले. त्यातील ‘ॲबर’ म्हणजे नदीचे मुख. म्हणजे दोन्ही नावे पाण्याकाठचीच. पण एकाला येथील वास होता, दुसऱ्याला दूरच्या दरबाराचा.

स्थानिकांनी काय केले, हे आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. बेटाच्या उत्तरेकडील ॲबरडीन स्ट्रीटचे नाव त्यांनी उच्चारानुसार चिनी अक्षरांत उतरवून घेतले. वस्तीच्या बाबतीत मात्र परकी ध्वनी स्वीकारला नाही. जुने नावच ठेवले आणि त्याला ‘झाय’ जोडले. ‘झाय’ म्हणजे लहान, मूळ अर्थाने लेकरू. जिच्यापासून नाव निघाले ती माऊलीच आता आपल्या लेकीचे लेकरू म्हणून ओळखली जाते.

१९९७ मध्ये सत्तांतर झाले, तरी दोन्ही नावे पाट्यांवर शेजारीशेजारी राहिली. इंग्रजी नाव सत्तेची तारीख सांगते. चिनी नाव नमते घेते, स्वतःला धाकटे म्हणवते. पण सुगंधाची आणि बंदराची आठवण त्यानेच जपली आहे. स्थलनामांचा अभ्यास करताना आपण बहुधा ‘हे नाव कोणी दिले’ एवढेच विचारतो. ते कोणी वापरात ठेवले, हाही प्रश्न त्याच्या जोडीला हवा, असे आम्हांला वाटते.