अंगठ्याचा नाद

जे पुष्कळांना आवडते ते हलकेच असले पाहिजे, असा एक समज कलेच्या प्रांतात फार जुना आहे. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माझ्यासारख्याची तर त्याच्याशी नेहमीच गाठ पडते. म्हणून जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरी याच्या एका तबकडीची हकीकत मला सांगाविशी वाटते.

वेस अमेरिकेतील इंडियानापोलिसचा. जन्म १९२३ सालचा. त्याला स्वरलिपी वाचता येत नसे. चार्ली ख्रिश्चनच्या तबकड्या ऐकून ऐकूनच तो गिटार शिकला. दिवसा कारखान्यात राबायचे आणि रात्री वाजवायचे, असा त्याचा क्रम होता. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून आपण नखी टाकली आणि अंगठ्याने तारा छेडू लागलो, असे तो सांगे. त्या अंगठ्यातून मऊ, भरदार नाद निघाला. एकच सूर दोन सप्तकांत एकदम वाजवण्याची त्याची हातोटीही पुढे गाजली.

१९५९ मध्ये सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्ली याने त्याला ऐकले आणि रिव्हरसाइड कंपनीकडे शब्द टाकला. जानेवारी १९६० मध्ये पियानो, बास व ड्रम एवढ्याच साथीवर न्यूयॉर्कमध्ये मुद्रित झालेल्या तबकडीने जाणकारांनी त्याला डोक्यावर घेतले. पण घरी सात मुले; नुसत्या वाहवेवर चूल कशी पेटणार?

जून १९६७ मध्ये निर्माता क्रीड टेलर याने त्याच्याकडून ‘अ डे इन द लाइफ’ ही तबकडी करवून घेतली. शीर्षकाचे गाणे बीटल्सचे, नुकतेच प्रसिद्ध झालेले. डॉन सेबेस्कीने वाद्यवृंदाचा साज चढवला. बिलबोर्डच्या जॅझ यादीत ती पहिली आली आणि सर्वसाधारण यादीत तेराव्या क्रमांकापर्यंत चढली. टीकाकारांनी मात्र नाके मुरडली: याने आपली कला बाजारात विकली! पुढच्याच वर्षी, १५ जून १९६८ रोजी, हृदयविकाराने वेस गेला. वय अवघे पंचेचाळीस.

टीकाकारांचे सगळेच खोटे नव्हते. त्या तबकडीत सुरांचा मुक्त विस्तार आखडला आहे, चालीभोवतीच वादन घोटाळते. पण ‘विकला’ हा शब्द मला पटत नाही. अंगठा तोच आहे, नादही तोच. संसार चालवण्यासाठी त्याने पसारा आवरला, सूर खोटा लावला नाही. सवड असेल तर वाचकांनी दोन्ही तबकड्या लागोपाठ ऐकाव्यात. आधी १९६० ची, मग ही.