हजेरीबाबूचे शेरे

बालाघाटजवळच्या भरवेलीच्या मँगनीज खाणीत आमचे आबाजी हजेरीबाबू होते. पाळी लागायच्या आधी वही उघडायची, नाव पुकारायचं, खूण करायची. गोंड, पोवार, मरार, महार, मुसलमान, कबीरपंथी पनका, सगळे त्या वहीत एकाखाली एक. शेरा कुणापुढेच नसे. शेरे घरी यायचे. रात्री भात जेवून आबाजी खाटेवर टेकले की सुरू: अमके चिकट, तमके भांडखोर. पनका त्यातल्या त्यात बरे, दारूला शिवत नाहीत, पण "कंठीवाल्यावर लय भरोसा ठेवू नोको." का ठेवू नये, हे आम्हा नातवंडांना कधी कळलं नाही. आबाजींनाही ठाऊक असेल असं वाटत नाही; त्यांच्या बापाने सांगितलं होतं, तेवढं पुरे होतं.

एकट्या आबाजींना तरी का बोलावं? 1916 साली रसेल या इंग्रज अधिकाऱ्याने रायबहादूर हिरालाल यांच्या मदतीने मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चारखंडी ग्रंथ काढला, तोही सरकारी हुकमाने. मेहनत अफाट, माहिती आजही उपयोगी पडते. पण जातीगणिक तिच्याविषयीच्या म्हणीही त्यात आल्या, आणि म्हण जिच्याविषयी असते तिने ती केलेली नसते. शेजाऱ्याने मागे केलेली कुचाळकी अशी ग्रंथात जाऊन बसली.

आजी बैहरकडची. तिच्या माहेरी सगळ्यांत मोठी भीती जंगलातल्या बैगा आदिवासींची. "बैगाच्या डोळ्याले डोळा देऊ नोको, लेकरू वाळते," असं ती आम्हाला बजावायची. बैगा म्हणजे करणी, बैगा म्हणजे मूठ. आणि हेच सांगणारी आजी पुढच्याच दमात बिदरीचं वर्णन करायची. पाऊस तोंडावर आला की गावातलं प्रत्येक घर सुपातून मूठभर धान घेऊन निघे. बैगा ते सगळं एकत्र करी, ठाकूरदेवापुढे मांडून पूजा करी आणि पुन्हा घराघराला वाटून देई. ते दाणे बियाण्यात मिसळल्याशिवाय आजीचा बाप नांगर बाहेर काढत नसे. वाघ फार माजला तर गावाची हद्द बांधायलाही बैगाच. मातीवर पहिला हक्क त्याचा, म्हणून तिचा देवही त्यालाच ओळखतो, अशी समजूत. ज्याच्या नजरेने लेकरू वाळतं त्याच्याच हाताने पीक उगवतं, यात आजीला काही खटकत नसे. मला वाटतं, भीती होती म्हणूनच मान होता. भीती गेली असती तर मानही गेला असता.

साहेबलोकांना बैगाची भीती नव्हती, म्हणून मानही नव्हता. बैगा नांगर धरत नसे. धरतीमातेची छाती फाडायची नाही, हा त्याचा धर्म. जंगलाचा तुकडा तोडायचा, वाळवायचा, जाळायचा आणि पाऊस आला की राखेत बी फेकायचं, ही त्याची बेवर शेती. जंगलखात्याने शेरा मारला: आळशी, जंगलबुडवे. मग बेवरवर बंदी आली. नांगर न धरण्यामागे श्रद्धा आहे हे व्हेरिअर एल्विनने 1939च्या ‘द बैगा’ या पुस्तकात सविस्तर लिहिलं, तोवर बहुतेकांच्या हातात नांगर आला होता. एल्विन मंडला-बालाघाटच्या याच डोंगरांत हिंडला होता.

मुसलमानांविषयीचे आबाजींचे शेरे इथे लिहिण्यासारखे नाहीत. वाचकाने आपल्या घरातले आठवावेत. गंमत अशी की आमच्या देवघरात नागपूरच्या ताजुद्दीनबाबांची तसबीर होती. हे बाबा काही वर्षं नागपूरच्या पागलखान्यात होते, तिथून राजे रघुजी भोसल्यांनी त्यांना शक्करदऱ्याच्या वाड्यात नेऊन ठेवलं. 1925 साली ते गेले. आबाजी छोट्या गाडीने गोंदियाला उतरायचे, तिथून मोठी गाडी धरून ताजबागेत जायचे. मोहल्ल्यातल्या मुसलमानाच्या घरचं पाणी मात्र चालत नसे. "बाबांची गोष्ट वेगळी," म्हणायचे. तशी पाळीवरच्या मुकादमाचीही वेगळी, आणि रात्री-अपरात्री सुई टोचायला येणाऱ्या कंपाउंडरचीही. ओळखीचा प्रत्येक माणूस वेगळा निघायचा. शेरा उरायचा तो अनोळखी लोकांसाठी.

सगळ्यांत कडू शेरा बौद्धांवर. 14 ऑक्टोबर 1956ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, तेव्हा बालाघाटची राजधानी नागपूरच होती. 18 दिवसांनी, 1 नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली आणि आमचा जिल्हा भोपाळच्या हवाली गेला. दीक्षा नागपुरात घेतलेली, दाखले आता भोपाळच्या राज्यात काढायचे. घरातले देव विसर्जित करणारी कुटुंबं आबाजींच्या वहीत होती. "सवलतींपायी धरम सोडला," हा आबाजींचा शेरा. खाणीतले निम्मे बाबू तेच म्हणायचे.

खरं तर हिशेब उलटा होता. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींची यादी हिंदूंपुरती होती, 1956मध्ये त्यात शीख आले. बौद्ध झालेला माणूस यादीबाहेर. म्हणून कुणी घरात बुद्ध ठेवून कागदावर जुनी जात लिहायचा. त्याला लोक लबाड म्हणायचे. कागदावरही बौद्ध लिहिणाऱ्याला येडा म्हणायचे. तिसरी वाट नव्हतीच.

1990 साली संसदेने कायदा बदलून बौद्धांना त्या यादीत घेतलं. आबाजी तेव्हा थकले होते, पण पेपर सोडत नसत. बातमी माझ्या बाबांनी वाचून दाखवली आणि मुद्दाम विचारलं, "सवलत आत्ता भेटली. मंग चौतीस वर्सं हे लोक कायच्यासाठी बौद्ध होते?"

आबाजींनी चश्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा चढवला.

"जिद्दी लोक आहेत ते," म्हणाले. "पैलेपासूनच."