स्वस्त डिजिटल मिक्सरची कुळकथा

15 ऑगस्ट 1965 रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स या इंग्लिश वाद्यवृंदाचा जो जलसा सुमारे 55,000 श्रोत्यांपुढे झाला, त्यात गिटारींसाठी व्हॉक्स कंपनीचे शंभर वॉटचे अ‍ॅम्प्लिफायर होते, गायकांचे आवाज क्रीडांगणात सूचना देण्यासाठी बसविलेल्या कर्ण्यांतून जात होते, आणि त्या चौघांना स्वतःचे गाणे ऐकू यावे यासाठी रंगमंचावर कसलीही तजवीज नव्हती. श्रोत्यांच्या आरोळ्यांपुढे या साऱ्या सामग्रीचा निभाव लागला नाही हे प्रसिद्धच आहे. परंतु त्या सायंकाळी दोन गरजा जगाच्या पुरत्या नजरेस आल्या: सर्व आवाजांचे प्रमाणबद्ध मिश्रण श्रोत्यांपर्यंत पोचले पाहिजे ही एक, आणि प्रत्येक कलावंताला त्याच्या सोयीचे निराळे मिश्रण रंगमंचावरच ऐकू आले पाहिजे ही दुसरी. ध्वनिमिश्रणाच्या यंत्राचा पुढला सारा इतिहास या दोन गरजा भागविण्याचा इतिहास आहे.

आज एखादा हौशी वाद्यवृंदही वर्गणी काढून विकत घेऊ शकेल अशा डिजिटल मिक्सरच्या लहानशा पेटीत या दोन्ही गरजा भागतात, आणि ती पेटी घेण्यास निघालेल्या मंडळींपुढे इतके पर्याय असतात की गुणांच्या लांबलचक याद्या वाचून बुद्धी कुंठित व्हावी. अशा वेळी या पेटीचे कुळ जाणून घेणे हा निवडीचा सर्वांत विश्वसनीय मार्ग आहे असे माझे मत आहे. कारण ही वस्तू स्वस्त कशी झाली, कोणत्या अंगाने स्वस्त झाली आणि कोणत्या अंगाने होऊ शकली नाही, हे तिच्या वंशावळीतच नमूद आहे.

या कुळाचे मूळ रेडिओ केंद्रांत आणि ध्वनिमुद्रणाच्या दालनांत आहे. तेथे चार-दोन माइकांचे आवाज एकत्र करण्यासाठी गोल फिरणाऱ्या खुंट्यांची फळी पुरेशी असे. बोटाने वरखाली सरकविण्याच्या पट्ट्या, ज्यांना आपण आज फेडर म्हणतो, त्या रूढ करण्याचे श्रेय अटलांटिक रेकॉर्ड्सचे अभियंते टॉम डाउड यांना दिले जाते. या पट्ट्यांमुळे एकाच हाताच्या बोटांनी अनेक आवाज एका वेळी सांभाळणे शक्य झाले. मात्र खुल्या रंगमंचासाठी खास घडविलेले मिश्रणयंत्र बराच काळ अस्तित्वातच नव्हते. 1969 च्या ऑगस्टमध्ये वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात लाखोंचा समुदाय जमला, तेव्हा ध्वनिव्यवस्थेचा मक्ता घेतलेल्या बिल हॅन्ली यांनी श्युअर कंपनीचे छोटे मिक्सर एकत्र जोडूनच काम निभावले.

पुढच्या पाच-सहा वर्षांत हे चित्र पालटले. लेड झेपेलिनच्या दौऱ्यांत ध्वनीची बाजू सांभाळलेले फिल डडरिज आणि विद्युत्-मंडलांचे रचनाकार व स्वतः ऑर्गनवादक असलेले ग्रॅहॅम ब्लाइथ यांनी 1973 मध्ये इंग्लंडात साउंडक्राफ्ट कंपनी स्थापन केली, आणि त्यांचा ‘सिरीज 1’ हा मिक्सर प्रवासाच्या मजबूत पेटीतच बसविलेला होता. पेटीचे झाकण उघडावे, तारा जोडाव्या आणि कामास लागावे, अशी त्याची रचना. त्याच दशकात लंडनच्या मिडास कंपनीची यंत्रे मोठ्या वाद्यवृंदांच्या दौऱ्यांत मान्यता पावली, आणि 1974 मध्ये जपानच्या यामाहाचा पीएम-1000 बाजारात आला. रंगमंचाला स्वतःचे यंत्र मिळाले ते येथे.

या यंत्रांच्या किमतीचे गणित समजून घेण्याजोगे आहे. अ‍ॅनालॉग मिक्सरमध्ये प्रत्येक चॅनलचा सरंजाम स्वतंत्र असतो: माइकचा दुर्बळ संकेत सबळ करणारा प्रीअँप, खर्ज-मध्य-तार यांचे प्रमाण राखणारा ईक्यू, प्रत्येक मॉनिटरकडे, म्हणजे कलावंताला त्याचे मिश्रण ऐकविणाऱ्या रंगमंचावरील स्पीकरकडे, किती आवाज धाडायचा हे ठरविणारी एकेक ऑक्स खुंटी, आणि शेवटी फेडर. चॅनल चोवीस आणि मॉनिटरची मिश्रणे सहा असतील, तर केवळ या एका कामासाठी एकशे चव्वेचाळीस खुंट्या बसवाव्या लागत. म्हणजे यंत्राचा व्याप बेरजेने न वाढता गुणाकाराने वाढे. शिवाय आवाजाची चढउतार आवरणारा कॉम्प्रेसर, नकोसा आवाज अडविणारा गेट, घुमारा देणारा रिव्हर्ब आणि एकतीस पट्ट्यांचे ग्राफिक ईक्यू हे सारे बाहेरून विकत आणून निराळ्या कपाटात बसवावे लागत, आणि रंगमंचापासून सभागृहाच्या मध्यापर्यंत हाताच्या मनगटाएवढ्या जाडीची मल्टीकोर केबल ओढावी लागे. तालेवार मंडळींनाच परवडणारा हा थाट होता. सिएटलजवळ ग्रेग मॅकी यांनी 1991 मध्ये सीआर-1604 हा सोळा चॅनलांचा, आटोपशीर आणि आवाजाने स्वच्छ मिक्सर आणला, तेव्हा लहान वाद्यवृंदांना प्रथमच भरवशाचे यंत्र आवाक्यात आले. तरीही गुणाकाराचा तो नियम त्यानेही मोडला नव्हता.

तो नियम मोडला अंकगणिताने. ध्वनीच्या लहरीचे ठरावीक अंतराने मापन करून ती मापे अंकांत लिहावी ही कल्पना इंग्लिश अभियंते अ‍ॅलेक रीव्ह्ज यांना 1937 मध्ये दूरध्वनीच्या संदर्भात सुचली होती. आजच्या मिक्सरमध्ये हे मापन बहुधा सेकंदाला 48,000 वेळा होते आणि प्रत्येक माप चोवीस बिटांत लिहिले जाते, म्हणजे 1 कोटी 67 लाखांहून अधिक पायऱ्यांपैकी एकीवर ते बसते. एकदा ध्वनीचे अंक झाले की ईक्यू, कॉम्प्रेसर, रिव्हर्ब हे सारे गुणाकार-बेरजांचे हिशेब ठरतात. आणि एकच तरबेज कारकून जसा बत्तीस खात्यांच्या वह्या पाठोपाठ लिहून काढतो, तशी गणित करणारी एकच चिप साऱ्या चॅनलांचे हिशेब क्षणार्धात उरकते. चोवीस ईक्यूंसाठी चोवीस मंडले घडविण्याची गरज उरली नाही.

प्रारंभी हा मार्ग फार खर्चिक होता. 1980 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत नीव्ह कंपनीने घडविलेले डिजिटल मिक्सर मोठ्या संस्थांनाच पेलणारे होते. यामाहाने मात्र हे तंत्र पायरीपायरीने खाली आणले: 1987 चा डीएमपी-7 हा आठ चॅनलांचा, मोटरने सरकणाऱ्या फेडरांचा; 1994 चा प्रोमिक्स 01 हा अमेरिकेत दोन हजार डॉलरांच्या आत मिळणारा; 1995 चा 02आर हा ध्वनिमुद्रणाच्या अनेक दालनांत पोचलेला. रंगमंचावर याच कंपनीच्या 2005 च्या एम-7सीएल आणि 2006 च्या एलएस-9 या मिक्सरांनी साउंड सांभाळणाऱ्यांच्या मनातील डिजिटल यंत्राची भीती घालविली. एकच फेडर एका कळीने पहिल्या चॅनलाचा, दुसऱ्या कळीने सतराव्या चॅनलाचा आणि तिसऱ्या कळीने मॉनिटरचा होऊ शकतो, तसेच एका गाण्याची संपूर्ण मांडणी स्मृतीत ठेवून पुढल्या मुक्कामी हुकमी परत आणता येते, या गोष्टी एकदा अंगवळणी पडल्यावर जुन्या यंत्राकडे परतणे कोणालाही कठीण वाटू लागले.

यानंतर किमती उतरल्या त्या वगळण्याच्या कलेने. लुइझियाना राज्यातील बॅटन रूज येथील प्रीसोनस कंपनीने 2009 मध्ये स्टुडिओलाइव्ह 16.4.2 आणला, तो फेडरांच्या मोटरी वगळून. गेन, म्हणजे प्रीअँपने संकेत किती सबळ करायचा हे ठरविणाऱ्या त्याच्या खुंट्याही साध्याच होत्या, त्यामुळे जतन केलेली मांडणी परत आणली तरी गेन हाताने जुळवावे लागे. त्याच वर्षाच्या अखेरीस उली बेरिंगर यांच्या उद्योगसमूहाने बॉश कंपनीकडून मिडास विकत घेतली, आणि 2012 मध्ये त्या संबंधाचे फळ म्हणून बेरिंगर एक्स-32 बाजारात उतरला: मिडासच्या घराण्यातील बत्तीस प्रीअँप, मोटरीचे पंचवीस फेडर आणि सोळा मिश्रण-बस, म्हणजे स्वतंत्र मिश्रणांच्या सोळा वाटा, आणि हे सारे पूर्वीच्या मानाने फारच थोड्या पैशांत. या एका यंत्राने लहान वाद्यवृंद, चर्च आणि शाळा यांचा बाजारच बदलून टाकला असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

त्याच सुमारास दुसरी एक शाखा फुटली. 2010 मध्ये अ‍ॅपलचे आयपॅड आले, आणि दोनच वर्षांत मॅकीच्या डीएल-1608 ने फेडर वगळून त्यांच्या जागी आयपॅड ठेवण्याची खाच दिली. पुढे साउंडक्राफ्टच्या यूआय मालिकेने कोणत्याही यंत्रावरील ब्राउझरमधून मिश्रण करण्याची सोय केली, आणि बेरिंगरच्या एक्सआर-18 ने सोळा प्रीअँप, दोन लाइन-इनपुट आणि सहा ऑक्स एवढा संसार रंगमंचाच्या कोपऱ्यात मावणाऱ्या पेटीत बसविला. पेटी कलावंतांच्या पायाशीच राहत असल्याने मनगटाएवढी मल्टीकोर केबलही अनावश्यक झाली. इंग्लंडातील कॉर्नवॉलच्या अ‍ॅलन अँड हीथ कंपनीने 2013 च्या क्यू-16 मध्ये उलट वाट धरली आणि मोटरीचे फेडर राखून यंत्र लहान केले.

या वंशावळीतून निघणारा निष्कर्ष माझ्या मते स्पष्ट आहे. गणित स्वस्त झाले. जे गणिताने होत नाही ते तितके स्वस्त झाले नाही. माइक जोडण्याची भोके, प्रीअँप, बाहेर जाणारी आउटपुटे आणि बोटाखाली येणारे फेडर, या चार गोष्टींना आजही धातू, तांबे आणि मजुरी लागते, आणि स्वस्त यंत्राने जी काटकसर केली असेल ती याच ठिकाणी केलेली असते. म्हणून किती प्रकारचे रिव्हर्ब आहेत आणि किती पट्ट्यांचा ईक्यू आहे, या चौकशीत ग्राहकाने वेळ दवडू नये. ते सर्वांत मुबलक आहे. चौकशी करावी ती त्या चार गोष्टींची.

आपल्याकडील ऑर्केस्ट्राचा दाखला घेऊ. ढोलकीला दोन माइक, तबला-डग्ग्याला दोन, ऑक्टोपॅडचे दोन, दोन कीबोर्डांचे चार, बास गिटार, साधी गिटार आणि बासरी यांचा एकेक, गायकांचे तीन आणि निवेदकाचा एक: बेरीज सतरा होते. सोळा चॅनलांची पेटी येथे अपुरी पडते, आणि अठरांची जेमतेम पुरते. उद्या संबळ किंवा हलगी आली की तीही भरून जाते. म्हणून आजच्या यादीत निदान एकचतुर्थांश भर घालूनच यंत्र पाहावे. तोच न्याय मॉनिटरला. सहा ऑक्स म्हणजे जमिनीवर ठेवलेल्या स्पीकरांसाठी सहा स्वतंत्र मिश्रणे. परंतु कानात घालण्याचे इन-इअर दोन्ही बाजूंनी निराळे ऐकू यावे अशी अपेक्षा असेल, तर त्याच सहांत तिघांचीच सोय होते. पाच वादक इन-इअर वापरणार असतील तर दहा आउटपुटे लागतील, आणि तेथे मोठ्या यंत्राचा विचार करणे प्राप्त आहे.

फेडर ठेवावे की वगळावे, हा प्रश्न किमतीचा नसून माणसांचा आहे. मिश्रणासाठी समोर बसणारा स्वतंत्र माणूस असेल, तर एकाच क्षणी गायकाला वर आणि ढोलकीला खाली घेणारे त्याचे दोन हात मोकळे राहतील अशी व्यवस्था त्याला मिळालीच पाहिजे. आयपॅडच्या काचेवर बोट फिरवून ते काम होते, पण नजर रंगमंचावरून काढावी लागते. वाद्यवृंद स्वतःच आपला बंदोबस्त पाहणार असेल, तर मात्र फेडरांवर खर्च करण्याचे कारण नाही. मांडणी तालमीतच ठरवून जतन करावी, आणि प्रत्येकाने आपल्या मॉनिटरची मुखत्यारी आपल्या मोबाइलवर घ्यावी. अशा वेळी पेटीच्या अंगच्या वायफायवर भिस्त ठेवू नये. सभागृह भरले की हजार मोबाइल त्याच लहरींवर गर्दी करतात, म्हणून 5 गिगाहर्ट्झवर चालणारा बाहेरचा चांगला राऊटर आणि तारेने जोडलेला एक लॅपटॉप हा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा. वीज क्षणभर गेली तरी डिजिटल यंत्र नव्याने सुरू होण्यास वेळ घेते, म्हणून एक छोटा यूपीएसही याच हिशेबात यावा. राहता राहिली अंकांत रूपांतर होण्यातील दिरंगाईची शंका: अशा यंत्रांत ती बहुधा एक-दोन मिलिसेकंदांची असते, आणि एका मिलिसेकंदात ध्वनी हवेतून सुमारे 34 सेंटिमीटर जातो, म्हणजे स्पीकर हातभर दूर सरकविल्याने जो फरक पडेल, तेवढाच हा फरक आहे.

आणखी एक लाभ या कुळाच्या धाकट्या पिढीने दिला आहे, आणि निवडीत त्याला मोठे वजन द्यावे असे मला मनापासून वाटते. एक्सआर-18 सारख्या पेटीतून यूएसबीच्या एका तारेने अठराही चॅनल वेगवेगळे संगणकावर मुद्रित होतात, आणि कार्यक्रमानंतर तेच चॅनल पुन्हा मिक्सरमध्ये सोडून, कलावंत घरी गेलेले असताना, मिश्रणाचा निवांत अभ्यास करता येतो. पूर्वी हे शिक्षण एखाद्या जाणत्या साउंड अभियंत्याच्या मागे वर्षानुवर्षे उभे राहूनच मिळत असे. ज्या यंत्रात ही सोय नाही ते चार पैशांनी स्वस्त असले तरी घेऊ नये. कारण वाद्यवृंदाला उत्तम ध्वनी देणारी गोष्ट अखेर ऐकण्याची तयारी हीच आहे, आणि ती तयारी करून घेणारे यंत्र लहान वाद्यवृंदाच्या आवाक्यात आले, हे या साऱ्या वंशाचे सर्वांत मोठे दान आहे.