कम्पाइलर की इंटरप्रिटर? व्यवसायाने निवड कशी करावी

हिशेब, पगारपत्रक किंवा मालसाठ्याच्या नोंदी यांसाठी सॉफ्टवेअर तयार करून घेताना ते कोणत्या संगणकीय भाषेत लिहावे, हा निर्णय बहुधा तंत्रज्ञांवर सोपवला जातो. त्याचे परिणाम मात्र व्यवसायाला अनेक वर्षे भोगावे लागतात. त्यामुळे या भाषांमधील मूलभूत फरक व्यवस्थापनानेही समजून घेणे आवश्यक ठरते.

संगणकाच्या प्रोसेसरला केवळ यंत्रभाषा कळते. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम त्याच्यापर्यंत पोहोचवण्याचे मुख्यतः दोन मार्ग आहेत. ग्रंथाचा अनुवाद छापून तयार ठेवावा, तसे कम्पाइलर संपूर्ण प्रोग्रॅमचे आधीच भाषांतर करून ठेवतो. इंटरप्रिटर हा दुभाष्यासारखा असतो. प्रोग्रॅम चालू असतानाच तो एकेक आज्ञा वाचतो आणि अमलात आणतो. फोरट्रान, कोबोल, सी आणि सी++ या पहिल्या गटातील, तर पर्ल, पीएचपी, पायथन आणि रुबी या दुसऱ्या गटातील भाषा मानल्या जातात.

यंत्राचा वेळ, माणसाचा वेळ

भाषांतर आधीच झालेले असल्याने कम्पाइल केलेला प्रोग्रॅम सामान्यतः अधिक वेगाने चालतो. लाखो खात्यांच्या व्याजाची आकारणी एका रात्रीत पूर्ण करायची असेल, तर हा वेग मोलाचा असतो. शिवाय, अशा भाषांत अंक आणि मजकूर यांची गल्लत करणाऱ्या अनेक चुका कम्पाइलर आधीच दाखवून देतो. इंटरप्रिटरच्या बाबतीत अशी चूक ती ओळ प्रत्यक्ष चालेपर्यंत दडून राहू शकते.

याउलट, इंटरप्रिटरवर चालणाऱ्या भाषेत बदल केला की तो लगेच पडताळून पाहता येतो. करांचे दर, सवलती किंवा अर्जांचे नमुने वारंवार बदलत असतील, तर प्रोग्रॅमरचे तास वाचतात. अनेक व्यावसायिक प्रोग्रॅमचा बराचसा वेळ डेटाबेस किंवा नेटवर्कच्या उत्तराची वाट पाहण्यात जातो. तेथे भाषा वेगवान असूनही फारसा लाभ होत नाही.

फेसबुकचे उदाहरण बोलके आहे. पीएचपीत लिहिलेल्या या संकेतस्थळाचा पसारा वाढल्यावर सर्व्हरवर ताण आला. कंपनीने पीएचपीचे सी++ मध्ये रूपांतर करणारी 'हिपहॉप' ही प्रणाली २०१० मध्ये जाहीर केली. तिच्यामुळे वेब सर्व्हरवरील प्रोसेसरचा वापर सरासरी सुमारे ५० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. प्रोग्रॅमर मात्र पीएचपीतच लिहीत राहिले. पुढे प्रोग्रॅम चालू असतानाच भाषांतर करणाऱ्या 'एचएचव्हीएम' या प्रणालीने हिपहॉपची जागा घेतली.

हा मधला मार्ग १९९५ मध्ये आलेल्या जावामुळे विशेष रूढ झाला. जावाचा प्रोग्रॅम प्रथम 'बाइटकोड' या मधल्या रूपात जातो. नंतर वारंवार लागणारे भाग चालू अवस्थेतच यंत्रभाषेत उतरवले जातात. त्यामुळे दोन गटांमधील सीमारेषा आता पुसट झाली आहे.

निवडीचे निकष

सॉफ्टवेअर ग्राहकांना विकायचे असेल, तर मूळ प्रोग्रॅम उघड न करता देण्याची सोय कम्पाइलर करतो. १९८५ मध्ये आलेल्या 'क्लिपर'मुळे डीबेसच्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमची स्वतंत्र फाइल बनू लागली. ती चालवण्यासाठी ग्राहकाला डीबेसची वेगळी प्रत घ्यावी लागत नसे.

वेगाइतकाच महत्त्वाचा निकष मनुष्यबळाचा आहे. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला. तेव्हा जुन्या यंत्रणांसाठी कोबोल जाणणाऱ्यांनी स्वेच्छेने पुढे यावे, असे आवाहन गव्हर्नर फिल मर्फी यांना करावे लागले. कम्पाइलरचा वेग तेथे कामी आला नाही. प्रश्न जाणकार माणसांचा होता.

म्हणूनच, काम प्रचंड आकडेमोडीचे आणि क्वचित बदलणारे असेल, तर कम्पाइल होणारी भाषा घ्यावी. नियम वारंवार बदलत असतील, तर इंटरप्रिटरचा विचार करावा. दोन्ही गरजा असल्यास केवळ जड भाग कम्पाइल होणाऱ्या भाषेत लिहून घेता येतो. मात्र कोणताही करार करण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा: दहा वर्षांनी हा प्रोग्रॅम दुरुस्त कोण करणार?