माळ, मत आणि मीटिंग

नांदेड-लातूरकडच्या गावांत ‘अमक्यानं दारू सोडली’ असं कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: माळ घातली का? दारू सोडायचा हा इथला जुना आणि सगळ्यांना कळणारा रस्ता. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीला पंढरपूर, संध्याकाळी भजन, सप्ताहात पंगतीला वाढायचं काम. ज्या वेळी पाय गुत्त्याकडे वळायचे, त्याच वेळेला दुसरी जागा आणि दुसरी माणसं मिळायची. कित्येक संसार यानं सावरले.

पण माळेला अट आहे. ती गळ्यात असताना प्यायचं नाही. प्यायलाच, तर माळ उतरते आणि ते साऱ्या गावाला दिसतं. मग माणूस लाजेनं भजनाकडे फिरकत नाही. नेमकी गरज असते तेव्हाच सोबत तुटते.

सरकारचा रस्ता वेगळा. निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिंदी आणि दारूवरची आबकारी हे तिजोरीचं मोठं साधन होतं. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि त्या राज्याचा १९४९चा दारूबंदी कायदा पुढे इथेही लागू झाला. नंतर बंदी सैल झाली. १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले, परवान्याची दुकानं आली. एकाच आजोबांनी आपल्या आयुष्यात दारू आधी उघड, मग गुन्हा, मग परवानाधारक अशी पाहिली. पिणाऱ्याचं काय करायचं, हा प्रश्न मात्र तिथेच राहिला.

तिसरा रस्ता बायकांनी काढला. २००८च्या आदेशानुसार गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली, तर दुकानासाठी गुप्त मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर एक उभी बाटली, एक आडवी. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. ही लढाई मोठीच आहे. पण दुकान बंद झालं त्या संध्याकाळी पिणाऱ्यानं कुठं बसायचं, हे मतपत्रिकेवर नसतं.

या प्रश्नाचं एक उत्तर दूरवर, अमेरिकेतल्या ॲक्रन गावात सापडलं. मे १९३५. बिल नावाचा न्यूयॉर्कचा शेअर व्यवसायातला माणूस धंद्याच्या कामात अपयशी होऊन हॉटेलात उभा होता. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले. बारमध्ये जायची ओढ अनावर झाली, तेव्हा त्यानं चर्चच्या यादीतले नंबर फिरवायला सुरुवात केली. त्याला आपल्यासारखाच एखादा पिणारा हवा होता. त्यातून बॉब नावाच्या डॉक्टरची गाठ पडली. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि काही तास बोलत बसले.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. त्या भेटीनंतर डॉक्टर पुन्हा प्यायले. तरी बिलनं त्यांना सोडलं नाही. १० जून १९३५ ला त्यांनी शेवटचा घोट घेतला, आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस म्हणजे ‘एए’ आपला स्थापना दिवस तोच मानते. घसरलेल्या माणसाला परत बसवून घेणं हे या चळवळीच्या मुळातच आहे.

१९५७ मध्ये कॅनडाच्या वकिलातीतल्या एका सदस्यामुळे एए दिल्लीत सुरू झाली. महाराष्ट्रात २९ ऑगस्ट १९८६ ला डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण उभं केलं. तिथे उपचारांनंतरचा पाठपुरावा आणि गटातलं बोलणं यांना महत्त्व मिळालं. पिणाऱ्यांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ हा गटही झाला, कारण आजार एकाचा असला तरी होरपळतं सगळं घर.

तुम्ही स्वतःसाठी, वडिलांसाठी किंवा मित्रासाठी मीटिंग शोधत असाल, तर हा इतिहास कामाला येतो. एएच्या मीटिंगला फी नसते, आडनाव सांगावं लागत नाही आणि आधी दारू सोडून यावं लागत नाही. सोडायची इच्छा एवढीच अट. ‘बंद’ मीटिंग फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांची, ‘खुली’ कुणालाही. घरच्यांसाठी अल-ॲनॉन वेगळी. मीटिंग कोणत्या भाषेत चालते, बाई एकटी जाऊ शकेल का, शेवटची एसटी मिळेल का, हे फोनवर आधीच विचारा. लातुरात ओळखीचे भेटतील अशी धास्ती असेल, तर अहमदपूर-लोहा मार्गे नांदेड गाठणं हा पळपुटेपणा नव्हे. पहिली मीटिंग रुचली नाही, तर दुसरी बघा.

मात्र रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली, तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. जीवही जाऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टर. नांदेड आणि लातूर दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची हेल्पलाइन १४४४६, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही उपचार मिळाले होते. उरलेल्या ३७ जणांत माळ उतरलेले आहेत, आणि दुकान बंद झाल्यावर शेजारच्या गावाला जाणारेही. कुणीतरी त्यांच्यासाठी एक फोन करायला हवा.